उंबऱ्यावरचं पान

कापसहेडा, दिल्ली
रविवार, २० जानेवारी २००२

आत्या,

तीन रात्री झाल्या, मी झोपले नाही. समर्थ झोपतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. कारण सांगते. माझ्याकडून चूक झाली आहे. मुद्दाम केलेली नाही. रागवा, पण पत्र पूर्ण ऐकून मग रागवा. तुम्हाला कोण वाचून दाखवतंय मला माहीत नाही. जो वाचत असेल त्याने मधलं गाळू नये.

गुरुवारी ह्यांचं पत्र आलं. लिहिलेलं होतं नऊ तारखेला. फौजेचं टपाल कुठून फिरून येतं कळत नाही, वर नुसतं ५६ एपीओ असतं. ह्यांनी लिहिलं होतं, "संक्रांत आली म्हणून सांगतो. आपल्या घरात संक्रांत करत नाहीत. तिळगूळ नाही, हळदीकुंकू नाही, काळं नेसायचं नाही. आपला एक माणूस पानिपताला गेला तो आला नाही. त्याचं पान वाढतात. कसं ते आईला विचार."

हे मी गुरुवारी वाचलं. संक्रांत सोमवारी झाली.

आत्या, मी सगळं केलं. समर्थचं पहिलंच वर्ष, म्हणून बोरन्हाण केलं. इथे हलव्याचे दागिने मिळत नाहीत, तर मी लाह्या ओवून माळ केली, मुकुट केला. माझ्या काळ्या ओढणीचं झबलं शिवलं. शेजारच्या खोलीतल्या अलकनंदा दीदी, त्या गढवालच्या, त्यांनी लोहडीच्या रेवड्या आणि शेंगदाणे दिले. बोरं, उसाचे तुकडे, सगळं पोराच्या डोक्यावर ओतलं. पोर खूप हसलं. दीदी म्हणाल्या, "अरे वाह, तुम्हारे में तो बच्चों की होली होती है." मीसुद्धा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले होते.

मला कोणी सांगितलंच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तुम्ही मला माहेरी पाठवलंत. मला वाटलं लाड करताय. नंतर बाळंतपण, मग दसऱ्यानंतर इकडे. डिसेंबरात ह्यांची पलटण हलली तेव्हा बोलायला वेळ कुठे होता? सकाळी म्हणाले "चार दिवस लागतील", आणि ट्रंक भरून गेले.

आता घरमालकिणीच्या टीव्हीवर रोज बॉर्डर दाखवतात. नऊ तारखेनंतर ह्यांचं एक अक्षर नाही. मला एकच विचारायचं आहे. मी केलं त्याचं ह्यांना काही होईल का? आणि उलटवायला काही असतं का? असेल ते करीन. लवकर लिहा.

तुमची सून
हेमलता

—

बोरजाईवाडी, जि. सातारा
३० जानेवारी २००२

चि. सौ. हेमलता,

मी अण्णासाहेब, निवृत्त पोस्टमास्तर. ठकूबाई सांगतात तसं लिहितो आहे, शिव्या वगळून. शिव्या तुला नाहीत, मला आहेत. "भराभरा लिवा" म्हणून.

पोरी, तुझ्यावर राग नाही. चूक माझी. नव्या सुनेला पहिल्या वर्षी सांगत नाहीत, तिचं मन खट्टू होतं म्हणून. मलाही माझ्या सासूने दुसऱ्या वर्षी सांगितलं. तू दुसऱ्या वर्षी हजार मैलांवर, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

आता ऐक. आपल्या घरातला माणूस पानिपतावर गेला. त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. घरात त्याला नुसतं "गेलेला" म्हणतात. लढाई संक्रांतीला झाली. तो मेला असं सांगायला कोणी आलं नाही, आणि तो जिता आहे असंही कोणी सांगितलं नाही. त्याच्या बायकोने बांगड्या फोडल्या नाहीत, श्राद्ध घातलं नाही. म्हणाली, खबर नाही तर श्राद्ध कशाचं? दर संक्रांतीला उंबऱ्यावर पान वाढायची. भाकरी, भाजी, मीठ, पाण्याचा तांब्या. पानाचं तोंड उत्तरेला. दिवस मावळेपर्यंत दार लोटायचं नाही. घरातली बाकी माणसं त्या पानानंतर जेवायची. तेव्हापासून हेच चालत आलं. पंगत नाही, भटजी नाही, पुरुषांचं काही काम नाही. सून सुनेला सांगते, एवढंच.

ते पान कोणाचं वाईट करत नाही. तू रेवड्या ओतल्यास म्हणून भुकेलेला माणूस तुझ्या नवऱ्यावर उठेल होय? पण तुला झोप लागत नाही तर एक कर. पानिपत तुझ्या तिथून जवळ आहे म्हणतात अण्णासाहेब. लढाई झाली ती काला अंब नावाची जागा आहे. आपल्या घरातलं आजपर्यंत कोणी तिथे गेलं नाही. तू जा. तिथेच पान वाढ.

माझ्या शंभूचं पत्र मलाही नाही. पण त्याला लिहायचा कंटाळा लहानपणापासून.

(ठकूबाई हे शेवटचं वाक्य मोठ्याने हसून बोलल्या. पण मग शंभूचं नाव कुठे लिहिलं ते विचारून त्यावर बोट ठेवून बसल्या आहेत. हे मी माझ्या जबाबदारीवर लिहितो आहे. अण्णासाहेब.)

—

कापसहेडा
मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२

आत्या,

काल जाऊन आले.

पहाटेच भाकऱ्या भाजल्या, वांग्याची भाजी केली, डबा बांधला. समर्थला ओढणीने पोटाशी बांधलं. आमच्या रस्त्यावर सकाळी मानेसरच्या कारखान्यांच्या बसगाड्या लागतात, त्यांच्या गर्दीतून वाट काढत मी उलट्या बाजूला उभी राहिले. सगळी दुनिया एकीकडे आणि मी एकटी दुसरीकडे. मग मोठ्या स्टँडवरून हरियाणाची बस. शेजारचा म्हातारा विचारत होता, "पानीपत में कौन है तुम्हारा?" मी म्हटलं, "घरके आदमी हैं." त्याने पुढे विचारलं, "कब से हैं?" मी समर्थची टोपी नीट केली. काय सांगणार?

पानिपतात ऑटोवाल्याला काला अंब म्हटलं तर त्याला ठाऊक होतं. तिथे पोचले तर मी झाडच शोधत राहिले. मला वाटलं होतं आंब्याचं झाड असेल, त्याच्या बुंध्याशी पान ठेवीन. झाड नाही, आत्या. कधीच गेलं म्हणे. एक विटांचा खांब आहे, जाळी आहे, बाग आहे. कोणी नव्हतं. एक चौकीदार उन्हात खुर्ची टाकून बसला होता.

पानही नव्हतं. मी वर्तमानपत्र पसरलं. त्यावर एका मोटारीची जाहिरात होती, तीच उलटी करून खाली घातली. उत्तर कुठे ते कळेना म्हणून चौकीदारालाच विचारलं. तो उठून आला. म्हणाला, "ये क्या कर रही हो? यहाँ खाना नहीं रख सकते, बंदर आ जाएँगे."

मी रडायलाच लागले. त्याला हिंदीत कसं सांगावं? सांगितलं तसं सांगितलं. गेलेला, संक्रांत, पोराचं बोरन्हाण, ह्यांचं पत्र. आणि म्हटलं, "मैं लेट हो गई. एक महीना लेट."

तो म्हातारा माणूस. त्याने पोराकडे बघितलं. मग म्हणाला, "संक्रांत को तुम्हारे लोग आते हैं, झंडे लेके, गाड़ियाँ भर-भर के. भाषण होता है. खाना कोई नहीं लाता." मग म्हणाला, "अढ़ाई सौ साल होने को आए बेटी, एक महीना इधर-उधर वो नहीं गिनेगा. रख दे. बंदर मैं देख लूँगा."

आणि खरंच काठी घेऊन बाजूला उभा राहिला.

मी वाढलं. नाव माहीत नाही तर हाक काय मारायची? मी म्हटलं, "मी बोरजाईवाडीच्या घरातली सून. जेवा." तेवढंच. दार नव्हतं, म्हणून लोटायचा प्रश्न नव्हता. समर्थने मातीत हात घातला आणि तोंडात घातला. मी त्याचा हात ओढून झाडला, पण थोडी माती गेलीच पोटात.

तुम्ही म्हणता तो कोणाचं वाईट करत नाही. तिथे बसल्यावर मलाही तसंच वाटलं. मला वाटलं, ह्याला जेवलास का म्हणून कोणी विचारायला येत नसेल. सगळे सांगायलाच येत असतील.

येताना बसमध्ये मला झोप लागली. खरी झोप. पोर मांडीवर आणि मी झोपले.

ह्यांचं पत्र या आठवड्यात नक्की येईल असं वाटतं.

हेमलता

—

कापसहेडा
१९ फेब्रुवारी २००२

आत्या,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. ह्यांची खबर आली. बरे आहेत. हाताला काम फार असतं म्हणून लिहीत नाहीत. तुम्ही काळजी करू नका.

समर्थला दोन दात आले.

एक विचारायचं होतं. आपल्या घराच्या पायऱ्या किती आहेत? मला तीन आठवतात, पण चार असतील. आणि न्हाणीचा उंबरा उंच आहे का?

सहज विचारलं.

हेमलता

—

बोरजाईवाडी
२८ फेब्रुवारी

हेमा,

मी द्वारका, तुझ्या सासूच्या शेजारची. अण्णासाहेब लेकाकडं सांगलीला गेलेत, म्हणून मी लिहिते. मी गाळत नाही काही, ठकूबाई बोलतील तसं लिहिते.

तुझी दोन्ही पत्रं बरोबरच मिळाली. पहिलं द्वारकीने तीनदा वाचलं. बंदराचं वाचलं तेव्हा मी हसले आणि मग मला रडू आलं. माझी सासू असती तर तिला सांगितलं असतं की आपलं पान एकदाचं जागेवर पोचलं. त्या चौकीदाराचं नाव विचारलंस का? नाही ना? आपल्या घरातल्या बायकांना नावं विचारायची अक्कलच नाही.

त्या दिवशी मीही इथे पान वाढलं, तू काही कळवलं नव्हतंस तरी. संक्रांत सोमवारी होती म्हणून सोमवार बघून वाढलं, आणि तोच दिवस निघाला. म्हटलं दोन्हीकडून जेवेल.

आता दुसरं पत्र. हे काय लिहिलंस? पायऱ्या चार. खालून दुसरीचा दगड हलतो, शंभू लहानपणी त्याच्यावरून पडला होता. न्हाणीचा उंबरा गुडघ्याएवढा. तुला माहीत नाही होय? सात महिने त्याच न्हाणीत पाणी तापवलंस. पायऱ्या कशाला मोजतेस दिल्लीत बसून?

आणि "बरे आहेत" म्हणजे काय? त्याचं पत्र आलं की कोणी सांगितलं?

काल बाजारात तुझा भाऊ हणमंत भेटला. तिथल्या त्याच्या पिठाच्या गिरणीत उभ्या उभ्या बोलला. म्हणतो, गिरणीच्या फोनवर दोनदा फोन आला, दूरचा. तो हॅलो हॅलो करत राहिला, पलीकडून कोणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी लहान पोर रडल्याचं ऐकू आलं. तो म्हणाला लाईन चुकली असेल. मी दळण उचलून घरी आले.

(ठकूबाई आता उठून आत गेल्या. मी द्वारका लिहिते. हेमा, काय असेल ते लिही. त्या रोज दुपारी एसटीच्या वेळेला दारात येऊन बसतात. मी म्हटलं, "संक्रांत होऊन गेली की." तर म्हणाल्या, "गप गं, मी ऊन खाती.")

—

कापसहेडा
गुरुवार, ७ मार्च २००२

जो कोणी हे पाकीट फोडेल त्यास,

पाकिटावर आत्यांचं नाव घातलं आहे, पण हे पत्र त्यांना नाही. तुम्हाला आहे. तुम्ही अण्णासाहेब असाल, द्वारकावहिनी असाल, नाहीतर शाळेतले कोणी. हे मोठ्याने वाचू नका. आत्या समोर बसल्या असतील आणि तुमच्या तोंडाकडे बघत असतील. ओठ हलवू नका. म्हणा की अक्षर लागत नाही, घरून चष्मा घेऊन येतो. आणि बाहेर जाऊन वाचा.

माझे मालक इथे दिल्लीत आहेत, लष्कराच्या मोठ्या दवाखान्यात. बॉर्डरवर सुरुंग पेरायचं काम चाललं होतं. नऊ फेब्रुवारीला एक फुटला. मालकांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. त्यांच्या पुढे धोंडीराम होता, त्यांच्याच भरतीचा, एकाच तंबूत राहायचे. तो तिथल्या तिथे गेला. मालकांना आधी तिकडच्या दवाखान्यात ठेवलं, मग गाडीने इकडे आणलं.

मला चौदा तारखेला कळलं. पलटणीचा एक माणूस आणि एक बाई खोलीवर आले. मी दारात त्यांना बघितलं आणि दार लावून घेतलं. अलकनंदा दीदींनी बाहेरून उघडायला लावलं. मला वाटलं होतं ते दुसरंच सांगायला आले. म्हणून पायाचं ऐकून मी आधी हसले. त्या बाईंना काय वाटलं असेल!

मी दिवस मोजले. संक्रांतीला झालं नाही. मी पान वाढलं त्या दिवशीही नाही, त्याच्या दोन दिवस आधी. मधलाच कुठला तरी शनिवार. मी रेवड्या ओतल्या म्हणून झालं नाही आणि पान वाढलं म्हणून वाचले असंही नाही. हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागतं.

मालक बोलत नाहीत. रोज सकाळी मी दोन बस बदलून जाते. समर्थला आत नेऊ देत नाहीत, तो दीदींकडे असतो. मी स्टुलावर बसते. ते भिंतीकडे तोंड करून असतात. पहिले चार दिवस मला वाटलं माझ्यावर राग आहे, बोरन्हाणाचा. मी विचारलंसुद्धा. त्यांनी मान हलवली, नाही.

मग मी बघितलं. दवाखान्याचं ताट येतं. त्यातली एक चपाती, थोडी भाजी, चिमूटभर मीठ ते झाकणावर काढतात आणि बाजूच्या कपाटावर ठेवतात. पाण्याचा पेलाही शेजारी. मग उरलेलं खातात. सिस्टरबाई रागावते, "शंभू, ये क्या रोज-रोज! चींटियाँ आती हैं." उचलायला गेली तर तिचा हात धरतात. संध्याकाळ झाली की स्वतःच तिला उचलू देतात.

मी सिस्टरबाईला बाहेर नेऊन सांगितलं. धोंडीरामबद्दल, आणि आमच्या घरात कसं आहे ते. ती केरळची. तिने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच एक चपाती जास्त आणते. कपाटावर ठेवते आणि जाते.

परवा मालक पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "त्याच्या घरी खबर गेली आहे. त्याचं सगळं केलं असेल त्यांनी. तरी पण मी वाढणार." मी म्हटलं, "वाढा." म्हणाले, "आईला सांगू नकोस अजून." मी म्हटलं, "नाही सांगत." मग म्हणाले, "पायऱ्या किती आहेत गं आपल्या?" मी म्हटलं, "चार. दुसरीचा दगड हलतो." तेव्हा ते रडले. मी उठून पडदा ओढला.

मी त्यांना शब्द दिला आहे आणि तो मोडते आहे. कारण आत्या रोज दारात बसतात असं द्वारकावहिनींनी लिहिलं. आमच्या घरातली एक बाई जन्मभर अशीच बसली, खबर नाही म्हणून. खबर असताना मी दुसरीला बसवून ठेवायची नाही.

पण हे आत्यांना पत्रातून कळायला नको. कोणीतरी त्यांचा हात धरून बसलं पाहिजे. मला पोराला आणि ह्यांना सोडून येता येत नाही. माझं माहेरचं माणूस एकच, माझा भाऊ हणमंत. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. मी त्याला दोनदा फोन केला. त्याचा आवाज ऐकला, मागे गिरणीचा आवाज ऐकला, पिठाचा वाससुद्धा आला मला. आणि तोंडातून शब्द निघाला नाही. बूथवाला म्हणाला, "मॅडम, बात तो करो." मी खाली ठेवला. मला लिहिता येतं, बोलता येत नाही.

म्हणून तुम्ही बोला. गिरणीचा नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. त्याला सांगा, तो मुका फोन हेमाचा होता. त्याला सांगा, गिरणी बंद करून बोरजाईवाडीला जा, आत्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बस, आणि आधी हे सांग की तुमचा शंभू परत आला आहे. ते त्यांना पुरतं कळू दे. दोनदा सांग. मग पायाचं सांग. मग धोंडीरामचं सांग, आणि सांग की पुढच्या संक्रांतीला दोन पानं वाढायची आहेत, आणि ह्या वेळी एकाचं नाव आपल्याला ठाऊक आहे.

आत्या अजून दारात असतील. त्यांना चष्मा सापडत नाही म्हणून सांगा आणि आधी हणमंतला फोन करा.

हेमलता